नकाराविना वगळणूक : महाजालावरील कलासमुदाय आणि निवडीचे उत्तरदायित्व

१

महाजालावरील कलासमुदायांविषयी जे काही लिहिले-बोलले जाते त्यात एक गृहीतक जवळपास सर्वमान्य झालेले दिसते. ते असे : संपादक, परीक्षक, कलादालनाचा चालक, अकादमीची समिती हे सारे मध्यस्थ दूर झाले, कलाकृती आणि आस्वादक यांची गाठ आता थेट पडते, म्हणून कलेचे क्षेत्र पूर्वीपेक्षा अधिक लोकशाहीनिष्ठ झाले आहे. हे गृहीतक उत्साहाने मांडणारे आहेत, तसे खेदाने मांडणारेही आहेत. पहिल्यांना दारे उघडल्याचा आनंद आहे. दुसऱ्यांना द्वारपाल गेल्यामुळे गर्दी माजल्याचे दुःख आहे. परंतु द्वारपाल गेला, या मुद्द्यावर दोघांचेही एकमत आहे. तपासून पाहायला हवे ते हे एकमतच.

द्वारपाल गेलेला नाही. त्याने नकार देणे तेवढे सोडून दिले आहे. या समुदायांत रोज लक्षावधी चित्रे, छायाचित्रे, रेखाटने येऊन पडतात आणि त्यांतली फार थोडी इतरांच्या नजरेस पडतात. म्हणजे निवड होतेच, आणि ती पूर्वीच्या कोणत्याही संपादकाने केली नसेल इतक्या कठोरपणे होते. मात्र जे निवडले गेले नाही त्याला तसे कळवले जात नाही. कलाकृती स्वीकारली जाते, तिला जागा मिळते, कलावंताच्या स्वतःच्या पानावर ती दिसतही राहते; ती इतरांपर्यंत पोचत नाही, एवढेच. वगळणूक आहे, पण नकार नाही. ही अवस्था नकारापेक्षा अधिक घातक आहे, आणि समीक्षेने तिच्यापुढे स्वीकारलेले मौन हे समीक्षेच्या कर्तव्याला सोडून आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

नकाराला काही अंगभूत लक्षणे असतात. तो कोणीतरी देतो, कोणाला तरी देतो, विशिष्ट दिवशी देतो. आणि कारण सांगितले नाही तरी कारण असल्याचा दावा त्यात अनुस्यूत असतो. म्हणूनच नकाराशी भांडता येते. १८६३ साली पॅरिसच्या अधिकृत वार्षिक प्रदर्शनाच्या परीक्षकांनी इतक्या मोठ्या संख्येने चित्रे नाकारली की, चित्रकारांच्या तक्रारींची दखल घेऊन तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवण्याचा हुकूम दिला. पुढे 'गवतावरील न्याहारी' या नावाने ओळखले गेलेले एदुआर माने याचे चित्र तेथे लागले. प्रेक्षक त्याला हसले, टीकाकारांनी त्याला झोडपले. परंतु त्या प्रदर्शनामुळे 'नाकारलेले' हा एक दृश्य गट निर्माण झाला. परीक्षकांनी काय घेतले आणि काय टाकले हे एकाच शहरात, एकाच हंगामात ताडून पाहता आले. आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात त्या वर्षाला जे महत्त्व आले ते परीक्षकांच्या चुकीमुळे आले, हे खरे. पण ती चूक उघड झाली, दिसली, हे त्याहून अधिक खरे.

मराठीतील उदाहरण अधिक जवळचे आहे. १९३३ पासून १९८२ पर्यंत चाललेल्या 'सत्यकथे'ने मराठी नवसाहित्याची अभिरुची घडवली आणि तिच्या सीमाही आखल्या. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे नुसते साहित्य स्वीकारणारे वा परत करणारे संपादक नव्हते. लेखकाशी पत्रव्यवहार करून कथेतील कच्च्या जागा दाखवायच्या, पुनर्लेखन सुचवायचे, या त्यांच्या पद्धतीविषयी मराठी साहित्यव्यवहारात आदराने बोलले गेले, तसे चिडूनही बोलले गेले. १९६९ साली मुंबईत लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुण लेखकांनी 'सत्यकथे'ची होळी केली. राजा ढाले यांनी 'सत्यकथेची सत्यकथा' लिहून त्या अभिरुचीचा पंचनामा मांडला. या घटनेचे मूल्यमापन कोणी कसेही करो, तिच्या शक्यतेच्या अटी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. जाळण्यासाठी अंक लागतो. त्या अंकावर संपादकाचे नाव लागते, कार्यालयाचा पत्ता लागतो. आणि त्यात काय छापले गेले व काय छापले गेले नाही, याचा सर्वांना सारखाच उपलब्ध असलेला पुरावा लागतो. 'सत्यकथे'ने हे सारे आपल्या विरोधकांच्या हाती दिले होते. सत्ताकेंद्र म्हणून ती कितीही बंदिस्त असली तरी तिच्या बंदिस्तपणाला दार होते, आणि त्या दारावर धडका देता येत होत्या.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो दुर्लक्षणीय नाही. ज्यांचे साहित्य साभार परत आले त्यांची गोष्ट ठीक; पण ज्यांनी ते पाठवण्याचे धाडसच केले नाही त्यांचे काय? जातीने, शिक्षणाने, बोलीने वा बाई असल्यामुळे जे त्या दारापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांना नकारही मिळालेला नव्हता. तेव्हा नकाराविना वगळणूक ही महाजालाची देणगी आहे असे म्हणणे म्हणजे जुन्या व्यवस्थेला उगाचच उजळ माथ्याने मिरवू देणे नव्हे काय?

आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य करावीच लागेल. जुन्या व्यवस्थेतही मूक वगळणूक होती आणि तिचे सामाजिक क्षेत्र नकाराच्या क्षेत्रापेक्षा कितीतरी मोठे होते. परंतु त्या मूक वगळणुकीला वाचा फुटली ती कशामुळे? बाबुराव बागुल, नामदेव ढसाळ यांच्या पिढीने आणि गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून चालवलेल्या 'अस्मितादर्श'ने प्रस्थापित अभिरुचीकडे केवळ प्रवेश मागितला नाही. तिची मूल्ये कोणती, ती कोणाच्या अनुभवावर उभी आहेत, हे विचारले आणि स्वतःची मूल्ये कारणांसह मांडली. हे शक्य झाले, कारण प्रस्थापित अभिरुची छापील स्वरूपात समोर होती. तिची समीक्षा, तिची अग्रलेखी भाषा, तिने गौरवलेली पुस्तके उघड होती. अनुपस्थितीचा पुरावा उपस्थितीच्या यादीतून काढता येत होता. महाजालावरील कलासमुदायांनी ही यादीच नाहीशी केली आहे. तेव्हा जुन्या व्यवस्थेच्या बचावाचा येथे प्रश्न नाही. जुन्या अन्यायाविरुद्ध जे हत्यार वापरता आले, ते नव्या अन्यायाविरुद्ध का चालत नाही, हा प्रश्न आहे.

३

यादी नाहीशी होणे ही एका दिवसात घडलेली गोष्ट नव्हे. तिचे तीन टप्पे स्पष्टपणे दाखवता येतात. आणि ते दाखवणे आवश्यक आहे, कारण त्यांतून हेही सिद्ध होते की दोष तंत्रज्ञानाच्या माथी सरसकट मारता येत नाही.

पहिला टप्पा डेव्हिअंटआर्टचा. ऑगस्ट २००० मध्ये सुरू झालेल्या या समुदायाने 'डेली डेव्हिएशन' या नावाची दैनिक निवड रूढ केली. निरनिराळ्या कलाप्रकारांची जबाबदारी घेतलेले स्वयंसेवक सदस्य इतर सदस्यांच्या सूचनांतून काही कलाकृती निवडत. निवडलेल्या कलाकृतीखाली ती कोणी सुचवली, कोणी निवडली, हे नोंदवलेले असे आणि ती का निवडली याविषयी चार ओळी लिहिलेल्या असत. या चार ओळी पुष्कळदा कौतुकापलीकडे जात नसत, हे मान्य केले पाहिजे. तरीही त्यांत समीक्षेचे बीज होते. नाव असल्यामुळे वशिल्याचा आरोप करता येत होता. कारण दिलेले असल्यामुळे ते अपुरे आहे असे म्हणता येत होते. हा समुदाय पूर्णतः महाजालावरचाच होता. म्हणजे महाजालावर उत्तरदायी निवड होऊच शकत नाही, हे म्हणणे टिकत नाही.

दुसरा टप्पा फ्लिकरचा. २००४ साली सुरू झालेल्या या छायाचित्रसमुदायाने पुढच्याच वर्षी 'इंटरेस्टिंगनेस' नावाची मोजणी आणली. एखाद्या छायाचित्राकडे लोक कोठून येतात, त्यावर कोण केव्हा अभिप्राय देतो, कोण त्याला आपल्या आवडीत जमा करतो, त्याला कोणत्या खुणेच्या शब्दांखाली ठेवले आहे, अशा गोष्टींच्या बेरजेतून दररोज सुमारे ५०० छायाचित्रे निवडली जात. बेरजेचे नेमके सूत्र गुप्त होते आणि ते सतत बदलत होते. येथे निवडणाऱ्याचे नाव गेले आणि कारणही गेले. 'हे का?' या प्रश्नाला 'ते लक्षवेधी ठरले' एवढेच उत्तर उरले, आणि लक्षवेधी म्हणजे ज्याने लक्ष वेधले ते, असा हा चक्राकार युक्तिवाद होता. परंतु एक गोष्ट शाबूत होती. त्या दिवसाची ती ५०० छायाचित्रे सर्वांना सारखीच दिसत. समुदायाला एक समान पान होते. त्याच्याविषयी तक्रार करता येत होती. त्यात मावळतीचे आभाळ आणि पाण्यातले प्रतिबिंब यांचाच सुकाळ आहे, असे एकाने म्हटले तर दुसऱ्याला ते पडताळून पाहता येत होते.

तिसरा टप्पा इन्स्टाग्रामचा. २०१० साली सुरू झालेल्या या व्यासपीठावर आरंभी कालक्रम हाच क्रम होता. जे नंतर आले ते वर. मार्च २०१६ मध्ये कंपनीने हा क्रम मोडून प्रत्येकाला त्याच्या संभाव्य आवडीनुसार वेगळा क्रम दाखवण्याचे जाहीर केले. त्या वेळी दिलेले समर्थन मुळातून पाहण्यासारखे आहे : लोकांच्या समोर येणाऱ्या मजकुरापैकी सरासरी ७० टक्के मजकूर त्यांच्याकडून पाहायचा राहून जातो. राहून जाण्यावरचा उपाय म्हणून, काय राहून जावे हे ठरवण्याचा अधिकार कंपनीने आपल्याकडे घेतला. पूर्वी जे राहून जात होते ते योगायोगाने. पुढे ते हिशोबाने राहून जाऊ लागले. कालक्रमाचा पर्याय २०२२ साली परत देण्यात आला, पण तो मागून घ्यावा लागतो; आपोआप मिळणारा क्रम कंपनीचाच असतो. या टप्प्यावर समान पानही गेले. प्रत्येकाच्या समोर वेगळा अंक, आणि तोही पाहता पाहता बदलणारा. दोन वाचक एकमेकांशी भांडू शकतात ते दोघांनी एकच काहीतरी वाचलेले असते म्हणून. येथे तो आधारच उरत नाही.

आधी सही गेली, मग कारण गेले, मग समान पान गेले. या क्रमाकडे पाहिल्यावर 'मध्यस्थ दूर झाले' या विधानाचा पोकळपणा ध्यानात येतो. मध्यस्थ टप्प्याटप्प्याने अदृश्य झाला, आणि जसजसा अदृश्य झाला तसतसा अधिक समर्थ झाला.

४

या व्यवस्थेचे समर्थक म्हणतील की, सूत्र कोणतेही असो, शेवटी ते लोकांच्या आवडीचीच मोजणी करते. आणि लोकांची आवड हाच लोकशाहीचा आधार आहे. या युक्तिवादाला उत्तर देण्यासाठी सौंदर्यशास्त्रातील एका जुन्या भेदाकडे परतावे लागते.

कांटने १७९० साली सुखद आणि सुंदर यांत फरक केला. एखादी गोष्ट आवडली असे म्हणणारा स्वतःविषयी बोलत असतो. दुसऱ्यालाही ती आवडलीच पाहिजे असा त्याचा आग्रह नसतो. एखादी गोष्ट सुंदर आहे असे म्हणणारा मात्र इतरांच्या संमतीची मागणी करतो. ती मिळेलच याची त्याला खात्री नसते, सिद्धतेने ती पटवताही येत नाही, तरी मागणी केलेली असते. मराठीत रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) सौंदर्यविधानाच्या या स्वरूपाची सविस्तर चिकित्सा केली आहे. आणि मर्ढेकरांनी संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांचा जो आग्रह धरला त्यामागेही विधानाला कलाकृतीतच आधार दाखवता आला पाहिजे, हीच भूमिका होती. मर्ढेकरांची तत्त्वे स्वीकारली नाहीत तरी चालेल. देशीवादी, मार्क्सवादी, स्त्रीवादी, दलित सौंदर्यशास्त्रीय अशा कोणत्याही भूमिकेवरून त्यांच्याशी वाद घालणारा समीक्षकही कारण देण्याचे बंधन मान्य करूनच वाद घालतो.

बोटाच्या एका स्पर्शाने व्यक्त होणारी पसंती ही सुखदाची नोंद आहे. ती तशी आहे म्हणून ती हीन ठरत नाही. चहा आवडला म्हणणाऱ्याकडे कोणी प्रमाणशास्त्र मागत नाही. गडबड पुढच्या पायरीवर होते. अशा लक्षावधी नोंदींची बेरीज केली जाते, त्या बेरजेवरून क्रम लावला जातो, आणि तो क्रम 'उत्तम', 'विशेष', 'सध्या गाजत असलेले' अशा नावांनी समुदायापुढे ठेवला जातो. म्हणजे ज्यांपैकी एकानेही इतरांच्या संमतीची मागणी केलेली नव्हती, त्यांच्या बेरजेच्या नावावर संमतीची मागणी केली जाते. सुखदांची संख्या वाढवत नेली की शेवटी सुंदर हाती लागते, अशी ही समजूत आहे. संख्येतून मूल्य निघत नाही, हे समीक्षेला ठाऊक असलेले सत्य येथे कोणी खोडून काढलेले नाही. त्याचा विसर पडू दिला आहे, इतकेच.

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त भावकांचे चार प्रकार सांगितले आहेत. काहीच न रुचणारा तो अरोचकी. धान्याबरोबर गवतही गिळणारा तो सतृणाभ्यवहारी. दुसऱ्याचा गुण न सोसणारा तो मत्सरी. आणि तत्त्वापर्यंत जाणारा तो तत्त्वाभिनिवेशी, जो विरळा. या चौघांत दोष असले तरी चौघेही काव्याची चव घेतात. महाजालावरील निवडयंत्रणा यांतल्या कोणत्याच प्रकारात बसत नाही. ती स्वतः काहीच खात नाही. पंगतीत कोणाच्या पानावरचे काय संपले, हे मोजून पुढच्या पंगतीचा बेत ठरवते. तिला भावक म्हणता येत नाही. आणि तरीही भावकाने करायचे काम, म्हणजे एका कलाकृतीला पुढे आणणे आणि दुसरीला मागे ठेवणे, ते तिच्याकडेच गेले आहे.

५

अशा यंत्रणेकडून काय पुढे येते आणि काय मागे पडते, याचा ढोबळ नियम सांगता येतो : जे आधीच ओळखीचे आहे ते पुढे येते. मोजणी नेहमी झालेल्या गोष्टींचीच होते. न झालेल्या आस्वादाची मोजणी करता येत नाही. म्हणून पहिल्या दृष्टिक्षेपात पकडणारे, लहान पडद्यावर स्पष्ट दिसणारे, मालिकेने करता येणारे आणि ज्याचा नमुना डोळ्यांत आधीच बसलेला आहे, ते जिंकते. मोठ्या आकारावर अवलंबून असलेले, पोतातून बोलणारे, दुसऱ्यांदा पाहिल्यावरच उलगडणारे, किंवा एखाद्या भाषेच्या, परिसराच्या, विधीच्या संदर्भाविना अपुरे राहणारे हरते.

वारली चित्रांचे उदाहरण घ्यावे. ठाणे-पालघर परिसरातील वारल्यांच्या घरात लग्नाच्या वेळी गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. तो सवासिणी लिहितात, त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते आणि विधीशिवाय त्याला अर्थ नसतो. जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी हे रेखन भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेले, त्याला वैयक्तिक प्रतिभेचे परिमाण दिले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाजालावर वारली या नावाखाली जे फिरते त्यात तारपा नाचाचे वर्तुळ आणि दोन त्रिकोणांची माणसे यांचीच चलती आहे. हा संक्षेप हस्तकलेच्या बाजाराने आधीच सुरू केला होता, हे खरे. परंतु बाजारात निदान एखादा खरेदीदार, एखादा अभ्यासक चौक मागू शकत होता. ओळखीवर चालणाऱ्या मोजणीत चौकाला वर येण्याचा मार्गच नाही, कारण तो ओळखणारे थोडे आहेत. आणि ते थोडे आहेत म्हणून तो इतरांना दिसत नाही. तो लिहिणाऱ्या बाईला कोणी नकार दिलेला नाही. तिच्याबाबतीत काही घडलेच नाही.

वगळणुकीचा परिणाम जे वगळले गेले त्यांच्यापुरता मर्यादित राहत नाही. २०२१ च्या मध्यास इन्स्टाग्रामच्या प्रमुखाने आपले व्यासपीठ आता केवळ छायाचित्रांच्या देवाणघेवाणीचे राहिलेले नाही असे सांगितले, आणि चलच्चित्रांना अग्रक्रम मिळू लागला. चित्रकारांनी चित्र दाखवण्याऐवजी चित्र काढताना स्वतःला दाखवणे सुरू केले. हा बदल कोणी लादला? कोणीच नाही. त्याचा हुकूम निघाला नाही, म्हणून त्याचा निषेधही कोठे नोंदवायचा हे कळेना. पूर्वीचा संपादक कथेचा शेवट बदलायला सांगत असे तेव्हा लेखक 'बदलणार नाही' असे म्हणू शकत होता. न सांगितलेल्या अपेक्षेला नकार कसा द्यायचा?

या प्रक्रियेचे टोक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रयंत्रांत दिसले. २०१४ साली सुरू झालेला आर्टस्टेशन हा चित्रपट आणि खेळ-उद्योगातील चित्रकारांचा समुदाय आहे. त्याच्या मुखपृष्ठावर गाजत असलेल्या चित्रांची यादी असते. २०२१-२२ च्या सुमारास चित्रयंत्रे वापरणाऱ्यांच्या ध्यानात आले की, वर्णनाच्या शेवटी 'ट्रेंडिंग ऑन आर्टस्टेशन' असे लिहिले की चित्र अधिक देखणे निघते. समुदायाच्या पसंतीचे सारे रागलोभ, हौस, उद्योगाच्या गरजा यांचा अर्क तीन शब्दांच्या मंत्रात उतरला. पोलंडचा चित्रकार ग्रेग रुटकोव्स्की याचे नावही असेच मंत्र बनले. ज्याला समुदायाने सर्वाधिक पुढे आणले, त्याचीच नक्कल सर्वाधिक निघाली.

हे वापरणाऱ्यांच्या पातळीवर झाले. घडवणाऱ्यांच्या पातळीवर त्याहून पद्धतशीरपणे झाले. २०२२ साली लायन या संस्थेने अब्जावधी चित्र-मजकूर जोड्यांचा संग्रह उपलब्ध केला आणि त्यातील चित्रांना सौंदर्याचे गुण देणारे एक उपयंत्र तयार केले. त्याच्या शिकवणीसाठी जी सामग्री वापरली तिचा एक मोठा भाग म्हणजे महाजालावरील एका छायाचित्रस्पर्धेच्या समुदायात सदस्यांनी एकमेकांना दिलेले गुण, सुमारे अडीच लाख छायाचित्रांचे. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टेबल डिफ्यूजन या चित्रयंत्राच्या नंतरच्या शिकवणीत पाचांहून अधिक सौंदर्यगुण मिळालेल्या चित्रांचाच संच वापरला गेला. एका लहानशा हौशी समुदायाने आपसांत केलेली गुणांची देवाणघेवाण अशा रीतीने जगभर नव्याने निघणाऱ्या चित्रांच्या सौंदर्याची पूर्वअट बनली. त्या सदस्यांना हे कोणी विचारले नव्हते. आपण स्पर्धेतल्या छायाचित्राला गुण देत आहोत, अशी त्यांची समजूत होती. निवड एकदा कारणापासून तुटली की ती कोठेही नेऊन कशालाही लावता येते. कारण सोबत असते तर ते तिच्या वापराला मर्यादा घालते. 'स्पर्धेच्या विषयाला धरून आहे म्हणून आठ गुण' हे वाक्य सौंदर्याचा नियम होऊ शकत नाही, नुसता 'आठ' होऊ शकतो.

६

मग विरोध झालाच नाही काय? डिसेंबर २०२२ मध्ये आर्टस्टेशनच्या चित्रकारांनी यंत्रनिर्मित चित्रांच्या निषेधाची एकच खूण शेकड्यांनी प्रसिद्ध केली आणि गाजणाऱ्यांची यादी त्या एकाच खुणेने भरून काढली. ही घटना येथील प्रतिपादनाच्या विरोधात जाते असे वाटेल. प्रत्यक्षात ती त्याला पुष्टीच देते. तो निषेध दिसला, कारण आर्टस्टेशनला मुखपृष्ठ होते, सर्वांना दिसणारी यादी होती. ज्या व्यासपीठावर प्रत्येकाचे पान वेगळे आहे तेथे असे काही करून पाहिले असते तर ते आधीच सहमत असलेल्यांनाच दिसत राहिले असते.

कायद्याच्या क्षेत्रात या प्रश्नाची जाण समीक्षेपेक्षा आधी आलेली दिसते. फेसबुकवर कूर्बेच्या एका नग्नचित्राची प्रतिमा ठेवल्यामुळे २०११ साली एका फ्रेंच शिक्षकाचे खाते बंद झाले, तेव्हा तो न्यायालयात गेला आणि २०१६ साली पॅरिसच्या अपील न्यायालयाने हा दावा फ्रान्समध्ये चालू शकतो असा निर्णय दिला. त्याला न्यायालयात जाता आले, कारण त्याला नकार मिळाला होता. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने, जो फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णतः लागू झाला, एक पाऊल पुढे टाकले. नियमभंगाच्या कारणावरून मजकूर काढून टाकणेच नव्हे, तर त्याची दृश्यता कमी करणे हीसुद्धा एक कृती आहे आणि तिचे कारण संबंधिताला दिले पाहिजे, असे त्याने ठरवले. क्रम लावताना कोणत्या मुख्य गोष्टी विचारात घेतल्या जातात हे जाहीर करण्याचे बंधनही घातले. हे स्वागतार्ह आहे. परंतु ज्या कलाकृतीने कोणताही नियम मोडला नाही, जी केवळ निवडली गेली नाही, तिला हा कायदा स्पर्श करत नाही. आणि त्याने तो करूही नये. 'माझे चित्र का आवडले नाही' हा प्रश्न न्यायालयाचा नाही. तो समीक्षेचाच प्रश्न आहे.

आणि समीक्षा काय करते? जिला अधिक लोकांनी पाहिले तीच कलाकृती लेखाचा, प्रबंधाचा विषय होते. अनुयायांची संख्या प्रस्तावनेत महत्त्वाचे प्रमाण म्हणून उद्धृत होते. आणि यंत्रणेने लावलेला क्रम हीच अभ्यासाची आधारसामग्री धरली जाते. असा अभ्यास म्हणजे यंत्रणेच्या निवडीवर विद्येची मोहोर उठवणे होय. मराठीपुरते बोलायचे तर, ज्या परंपरेने 'सत्यकथे'ची अभिरुची तपासली आणि लघुनियतकालिकांची मिरासदारीही तपासली, तिने आपल्या काळातील सर्वांत समर्थ संपादकाला 'माध्यम' या निरुपद्रवी नावाखाली सोडून द्यावे, हे नवल आहे.

अपेक्षा अवघड नाहीत. ज्याने निवडले त्याने नाव द्यावे. नाव देता येत नसेल तर त्या निवडीला निवड म्हणू नये, क्रम म्हणावे. निवडीसोबत कारण द्यावे, मग ते चार ओळींचे का असेना. चुकीचे कारणही कारणाच्या अभावापेक्षा श्रेष्ठ असते, कारण ते खोडता येते. अभ्यासकाने जे वर आले त्याच्या आधी जे खाली राहिले त्याचा शोध घ्यावा आणि त्याची नोंद करावी. पॅरिसमध्ये जे सम्राटाच्या हुकुमाने झाले ते आता कोणाच्याही हुकुमाने होणार नाही. आणि उशिराला पुन्हा मान द्यावा. अरुण कोलटकरांच्या मराठी कविता वर्षानुवर्षे नियतकालिकांत विखुरलेल्या होत्या. 'अरुण कोलटकरच्या कविता' हा संग्रह आला तो १९७७ साली. त्या मधल्या काळात त्या कविता मोजक्या वाचकांनी हातोहात पुढे नेल्या आणि त्या का वाचाव्यात हे एकमेकांना सांगितले. त्या वाचकांची संख्या कोणत्याही यादीत वर आली नसती.

कलासमुदायाला समुदायपण येते ते त्याच्यात मतभेद होऊ शकतात म्हणून. एकाने पुढे आणलेले दुसऱ्याने मागे ढकलावे, आणि दोघांनी त्याचे कारण तिसऱ्याला सांगावे, या खटपटीतून अभिरुची घडते. जेथे पुढे आणणारा दिसत नाही, मागे ढकलले गेल्याचे कळत नाही आणि कारण कोणी कोणाला देत नाही, तेथे माणसे लाखांनी जमली तरी ती शेजारी शेजारी बसलेली, पण एकमेकांशी न बोलणारी गर्दीच असते. त्या गर्दीला समुदाय म्हणणे समीक्षेने थांबवले, तरी नकार देण्याची सुरुवात होईल.